माझा हात नव्हे

२ मार्च

पोचलो बाई एकदाच्या, मी आणि माझी जिबेक! सहा तास मिनीबसमध्ये, आणि पुढच्या बाकावर चक्क एक शेळी. जिबेकने वाटभर तिला आपले तळलेले बोरसोक भरवले. सरोवर दिसलं तशी मला, म्हणजे आपल्या आजीला, ओरडून म्हणाली, "एने, केवढा मोठा वाडगा! एवढा चहा कोण पिणार?" सगळी गाडी हसली. ड्रायव्हर म्हणाला, आपा, ही पोर मोठेपणी मंत्री होणार बघा. मी म्हटलं, आधी सरळ चालू दे बाबा, मग होऊ दे काय व्हायचं ते.

ही वही ल्यूबाने दिली. ल्यूबा म्हणजे इथली नर्स. जातीने रशियन, अंगाने माझ्या दुप्पट, आणि आपली भाषा अशी बोलते की आमच्या गावातल्या बायकांनी शिकावी, शिव्यांसकट. इथला नियम आहे म्हणे, प्लास्टरमधल्या पोराजवळ जो राहील त्याने दिवसातून तीनदा पायाची बोटं बघायची. गुलाबी आहेत का, गरम आहेत का, हलतात का. तसं लिहून ठेवायचं. निळी पडली की धावत जायचं. मी म्हटलं, अगं मी चार बुकं शिकलेली, जन्मभर मेंढ्या मोजल्या. तर म्हणते, मेंढ्या मोजल्यात ना, मग दहा बोटं जड होतील होय? वर म्हणाली, उरलेल्या पानांवर मनातलं लिहा आपा, नाहीतर दिवसभर माझं डोकं खाल.

बारा पानी शाळेची वही आहे. माझं अक्षर मोठं, पुरेल तितकं पुरेल.

जिबेक पावणेतीन वर्षांची. दोन्ही खुबे जागेवर नाहीत. चालते तर बदकासारखी डुलते. परवा ऑपरेशन. तिची आई सेझिम, माझी सूनबाई, घरी आहे. ती नुकतीच बाळंत झालीय, दुसरी पण मुलगीच. मुलगा रशियात बांधकामावर. मग आजीशिवाय कोण येणार? मला तर हौसच.

खोलीत दोनच पलंग. शेजारी ओशकडची उझबेक बाई, मुहब्बत, आणि तिची पाच वर्षांची दिल्दोरा. तिचाही पाय प्लास्टरमध्ये. गोड पोर, पण डोळे फार मोठे. आल्या आल्या दोघींना कुरुत, आपलं वाळवलेलं दही, दिलं, मैत्री झाली.

घरचा लाल मखमली पट्टा आणलाय, आमच्या बेशिकचा. त्या लाकडी पाळण्यात माझी सहा पोरं वाढली, जिबेकही वाढली. पट्टा उशीखाली ठेवला आणि पाळण्याचं तावीज पलंगाच्या दांडीला टांगलं. आता काळजी नाही.

३ मार्च

डॉक्टरीणबाई अनारा. बुटकी, पण हात बघावे तर गवंड्याचे. तिने काळ्या फोटोवर बोट ठेवून दाखवलं. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत बसायला हवा, तो घरंगळून वर गेलाय, दोन्हीकडे. डावा जास्त. उद्या आत बसवणार, मग छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर, पाय बेडकासारखे फाकवून. तीन महिने. जन्मल्यावर पहिल्या काही महिन्यांत आणली असती तर नुसत्या मऊ पट्ट्यांनी भागलं असतं म्हणे.

मग प्रश्न. तपासणी झाली होती का? पाळण्यात पाय जुळवून बांधायचात का? घरात कोणी असं चालतं का?

मी म्हटलं, तपासणीचं सूनबाईला ठाऊक, आणि लंगडेपण असलंच तर तिच्या माहेरचं.

डॉक्टरीणबाई म्हणाली, आपा, जरा दारापर्यंत चालून दाखवा. मी गेले, आले. म्हटलं, मला तरणेपणी घोडीने पाडलं. तिने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, धाकटीलाही आणा तपासायला, आणि तोवर तिचे पाय बांधू नका, मोकळे ठेवा. मी म्हटलं, हो हो.

फोनवर सेझिमला सगळं सांगितलं. शेवटचं तेवढं राहिलं.

५ मार्च

काल झालं. साडेतीन तास. मी बाहेर बसून तसबी ओढत होते, तीन वेळा मणी चुकले. बिस्मिल्ला, पोर बाहेर आली तर केवढं ते पांढरं ओझं! दोन गुडघ्यांच्या मध्ये प्लास्टरमध्येच आडवी काठी रोवलेली, पाय जवळ येऊ नयेत म्हणून. ल्यूबा म्हणते, काठीला धरून उचलायचं नाही हं आपा, ती काही किटलीची कडी नाही.

संध्याकाळी जिबेक उठली आणि म्हणाली, "एने, मी खुर्ची झाले." किती हसलो! हसता हसता मला रडूच आलं.

बोटं गुलाबी. गरम. दहाच्या दहा हलली.

७ मार्च

इथे दुपारी जेवणानंतर दोन तास सगळ्यांनी निजायचं. दारं बंद, पडदे ओढलेले, उन्हाने पडदे पिवळे. अख्ख्या इमारतीत चिटपाखरू हलत नाही. आमच्याकडे दिवसा निजते ती फक्त आजारी मेंढी. पण मलाही डुलकी लागते.

आज उठून बघते तर जिबेकच्या गुडघ्यांवर आमचा लाल पट्टा! प्लास्टरच्या दोन्ही पायांना वेढा देऊन, काठीच्या दोन बाजूंनी, घट्ट. गाठ माझी. म्हणजे मी मारते तशी, दुहेरी, शेपूट आत खोवलेलं. ती माझ्या सासूने मला शिकवली, दुसऱ्या कोणाला येत नाही. मी मुहब्बतला म्हटलं, थट्टा करतेस होय गं म्हातारीची? ती शपथेवर नाही म्हणाली. मग मीच झोपेत बांधला असेल. चाळीस वर्षांची सवय हाताची, हात काय विसरतो?

हाताचं सांगायचं तर, पोर बांधताना आम्ही एक म्हणतो. बेशिकमध्ये निजवायचं, गुडघे दाबून सरळ करायचे, पट्टा ओढायचा, आणि म्हणायचं: माझा हात नव्हे, उमाई आईचा हात. उमाई म्हणजे पोरांची राखणदार. म्हणजे दृष्ट लागली तर आपली लागत नाही, यश आलं तर आईचं. हाड बसवणारा असो, सुईण असो, सगळे हेच म्हणतात. किती सोयीचं आहे बघा. आज पहिल्यांदाच हा विचार मनात आला.

पाय सरळ बांधले नाहीत तर पोर वाकड्या पायांची होते, असं माझ्या सासूचं म्हणणं. मी तिच्याहून घट्ट बांधायची. त्याचा मला अभिमान होता.

बोटं गुलाबी, गरम.

८ मार्च

आज बायकांचा सण. डॉक्टरीणबाईने प्रत्येकीला पिवळ्या फुलांची काडी दिली. दिल्दोराने तिचं फूल खाऊन बघितलं. किती कडू तोंड केलं!

सेझिमचा फोन आला. रडवेली होती. शेजारणी म्हणतात, लंगड्या घराण्यातली सून आणली उलकानने, आता दुसरीही तशीच निपजेल. उलकान म्हणजे मी. सेझिम म्हणाली, आपा, माझ्या माहेरात तर कोणीच लंगडं नाही, तुम्ही एकदा त्यांना सांगाल का?

मी म्हटलं, बायकांची तोंडं, दुर्लक्ष कर.

मग म्हणाली, धाकटीचा चाळिसावा दिवस झाला, बेशिकमध्ये घालायची वेळ झाली. पहिली गाठ तुमच्या हातची हवी, थांबते तुमच्यासाठी. मी म्हटलं, थांब.

नुसतं थांब म्हटलं. घालू नको, असं नाही म्हटलं.

दुपारी जागीच होते. व्हरांड्यातून कोणी चालत आलं. एक पाऊल टक, दुसरं सर्र. टक, सर्र. मला वाटलं कोणी पेशंट. मग लक्षात आलं, ही चाल माझ्या ओळखीची आहे. आयुष्यभर ऐकलीय, पण खालून, माझ्याच पायांखालून.

दाराशी येऊन थांबली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पट्टा बांधलेला होता.

१० मार्च

प्लास्टरला तडा. जांघेपाशी, डाव्या बाजूला, आणि काठी तिरकी. आज पट्टा इतका ओढलेला की सोडताना नख मोडलं. मी तो सोडून लपवला आणि मग ल्यूबाला हाक मारली. ल्यूबा बघून तशीच डॉक्टरीणबाईकडे धावली. ती धावली की वाईट असतं.

पुन्हा फोटो. डावा गोळा खोबणीच्या काठावर आहे, केसभर आत. नवीन प्लास्टर घातलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून सावकाश म्हणाली, आपा, आता निसटला तर हाड कापून जोडावं लागेल, आणि तरीही ती जन्मभर डुलतच चालेल. या खोलीत तिचे पाय कोण ओढतंय?

मी म्हटलं, मला काय ठाऊक. पोर वळवळते.

पोर वळवळू शकत नाही. ती खुर्ची झालीय.

बोटं गुलाबी. डावी जरा गार.

११ मार्च

दिल्दोराने विचारलं, तुझी बहीण रोज दुपारी का येते?

मला बहीण नाही. ती म्हणाली, आहे की. तुझाच रुमाल, तुझीच चाल. तू निजलेली असतेस आणि ती तुझ्या हातांनी बांधते. मी म्हटलं, माझ्या हातांनी म्हणजे? पोरीने खांदे उडवले. म्हणाली, तुझे हात तिला दिलेस ना तू? आणि ती पुटपुटते. काय? तर हुबेहूब माझ्या सुरात म्हणून दाखवलं: माझा हात नव्हे.

मुहब्बतने पोरीला चापट मारली. मी म्हटलं, मारू नको गं.

लिहूनच टाकते. घोडीने मला पाडलं नव्हतं. मी लहानपणापासूनच अशी. माझी आईही अशीच चालायची, तिची मावशीही. गावात आम्हाला बदकांचा कळप म्हणत. सेझिमच्या माहेरात कोणी लंगडं नाही. लंगडेपण आलंय ते माझ्याकडून.

१२ मार्च

आज कोणी आलं नाही! दुपारभर जागी होते. पडदे पिवळे, ल्यूबाचं घोरणं भिंतीपलीकडून, बाकी काही नाही. पट्टा उशीखाली जशाचा तसा. बोटं गुलाबी, गरम, दहाही हलली. जिबेकने विचारलं, "एने, खुर्चीला लग्न करता येतं का?" इतकी हसले की मुहब्बतही हसायला लागली. संध्याकाळी तिच्याकडचा पुलाव खाल्ला. गाजर जास्त घालतात त्या, पण बरा होता.

रात्री जेवण झाल्यावर सेझिमचा फोन. शेजारणींनी तिला पार रडवलंय. म्हणाली, आपा, खरं सांगा, जिबेक तान्ही असताना मी ताप येऊन पडले होते तेव्हा तुम्हीच तिला गावच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथली नर्स काही बोलली नव्हती ना? माझ्या मनात सारखं येतं, माझंच काही चुकलं का.

मी म्हटलं, नाही गं, काही बोलली नाही. पोर ठणठणीत आहे म्हणाली.

१३ मार्च

आली. दार न उघडता. माझ्या हातांकडे मी बघत होते, जागी, डोळे उघडे. हात उशीखाली गेले. मी नाही नेले. पट्टा काढला, वेढा दिला. मी जीभ चावली, ओरडता येईना. तोंड उघडलं तर आतून तेच वाक्य आलं, गोड सुरात, अंगाई म्हणावी तसं.

जिबेक रडली नाही. तिला वाटलं आजी लाड करतेय.

बोटं निळसर. डावी पाचही. मी दातांनी गाठ सोडली. अर्ध्या तासाने गुलाबी झाली. ल्यूबाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

संध्याकाळी तोच मिनीबसवाला खाली दिसला. पट्टा कागदात गुंडाळून त्याच्या हाती दिला, म्हटलं घरी पोचव, इथे नको. तो म्हणाला, मंत्रीबाई कशा आहेत?

१४ मार्च

आता लिहितेच. खरं लिहिलं की ती येत नाही. खोटं बोलले की येते. बारा तारखेलाच कळायला हवं होतं. चार बुकं शिकलेलं डोकं.

सेझिम तापात होती. मी जिबेकला दवाखान्यात नेलं. नर्सने पाय फाकवून बघितले, आत काहीतरी कटकन वाजलं. तिने मोठ्या अक्षरात कागद लिहून दिला. मला वाचता येतं. मी वाटेत दोनदा वाचला. मग वाटलं, कालची पोरगी मला शिकवते? या हातांनी सहा वाढवली. आणि सेझिमला कळलं तर ती बेशिक माळ्यावर टाकेल, मग माझं घरात काम काय उरलं?

कागद चांगला जाड होता. तावीज रिकामंच होतं, मुल्ला गावात नव्हता. मी कागद त्यात शिवला. म्हटलं, लिहिलेलं ते लिहिलेलं, रक्षण करेल.

अडीच वर्षं तो पोरीच्या डोक्यावर लटकतोय. इथेही मीच टांगला.

आज तावीज उसवून कागद काढला. अजून वाचता येतो.

"दोन्ही खुबे सैल. पाय सरळ बांधू नका. मांड्यांमध्ये जाड घडी ठेवा. तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा. आईला जरूर सांगा."

आईला जरूर सांगा.

बोटं गुलाबी. कोणी आलं नाही.

१५ मार्च

ल्यूबाला म्हटलं, दुपारी माझे हात पलंगाला बांध. ती म्हणाली, आपा, तुम्ही आधी गरम चहा घ्या.

सेझिमचा फोन. उद्या येतेय, धाकटीला घेऊन. आवाजात आनंद. मी म्हटलं, ये, मला काही सांगायचंय. आता सांगा की, म्हणाली. नाही, समोर सांगते. पट्टा पोचला का? पोचला म्हणाली.

कागद या वहीत ठेवलाय. आली की वही तिच्या हाती देईन, आल्या आल्या. तोंडाचा भरवसा नाही.

१६ मार्च

आली. दारातच गळ्यात पडली. आपा, तुम्ही नसता तर मी काय केलं असतं. वही माझ्या खिशात होती. हात खिशात गेला नाही.

म्हणाली, पट्टा विसरलात म्हणून घेऊन आले. धाकटीला त्यातच गुंडाळून आणलीय.

म्हणाली, इथेच पहिली गाठ मारून द्या ना, आपा, शकुनाची. मी म्हटलं— मी नाही, तोंड म्हणालं— हो, देते की बांधून.

ल्यूबा जिबेकचा पलंग ढकलत फोटोला घेऊन गेली. सेझिमही बरोबर गेली. डॉक्टरीणबाई आता तिला विचारत असेल. तपासणी झाली होती का. पाय बांधायचात का. मुहब्बत अंघोळीला. दिल्दोरा झोपलीय.

दारं बंद. पडदे पिवळे.

धाकटी माझ्या मांडीवर. हसते. जिबेकसारखी.

टक. सर्र.

उजव्या हातात पेन आहे. डावा हात पट्ट्यावर. डावा मी नाही—

हाक मारावी तर तोंडातून तेच वाक्य येतंय. पेन थांबलं की उजवाही जातो. मघाशी थांबले तर गुडघे जुळवून झाले होते. हे अक्षर लिहायला लागले तेव्हा सुटले. लिहीत राहायचं. खरं तेच लिहीत राहायचं.

सेझिम, कागद वहीत आहे. वाच. तुझं काही चुकलं नाही. तुझ्या माहेरचं काही नाही. मला माहीत होतं. अडीच वर्षं माहीत होतं. तुला रडू दिलं.

टक. सर्र. व्हरांड्यात नाही. खोलीत.

उमाई आईचा नव्हे. सासूचा नव्हे. माझा हात. मी बांधले. माझाच हात.

हे लिहिलं की डावा ढिला पडतो. पोरीचे पाय मोकळे आहेत. बेडकासारखे. छान आहेत.

शेवटचं पान आहे. अक्षर बारीक करते. येत नाही बारीक.

सेझिम लवकर ये. पळत ये गं. पानाच्या कडेला लिहितेय.

माझाच हात. माझाच हात. माझाच हात. बोटं गुलाबी, गरम. माझाच हात. माझाच हा